सुट्टीत घरी पाहिलेले पाच सिनेमे

यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरी एक करार झाला. सुट्टी लागल्यापासून मुलं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. एक या खोलीत, एक त्या खोलीत, धाकटा जिन्यावर. काय पाहता म्हणून विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर. शेवटी मुलांच्या अब्बांनी तोडगा काढला. आठवड्यातून एकदा, इशाची नमाज झाली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचा. एक मोबाईल टीव्हीला जोडायचा, बाकीचे फोन दादींच्या पेटीत ठेवायचे. सिनेमा आळीपाळीने निवडायचा. अट एकच, दादींसह सर्वांना एकत्र बसून पाहता आला पाहिजे.

दादींनी आधी तोंड फिरवलं. त्यांच्या माहेरी सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्या वाचकांपैकीही काहींचं मत असंच असेल आणि त्या मताचा आम्हाला आदर आहे. पण ज्या घरात प्रत्येकाच्या खिशात सिनेमा येऊन बसला आहे, तिथे "पाहू नका" म्हणण्यापेक्षा "आमच्यासोबत पाहा" म्हणणं आम्हाला जास्त उपयोगाचं वाटलं. दादी पहिल्या दिवशी तसबीह घेऊन पाठमोऱ्या बसल्या. तिसऱ्या सिनेमापर्यंत त्यांची खुर्ची टीव्हीसमोर आली होती.

आम्ही काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला होता ते आम्हाला सांगता येणार नाही. घरात काय बोलणं झालं, तेवढंच इथे लिहितो आहोत.

मशिदीची साखर

पहिला नंबर आमचा होता. आम्ही माजिद मजीदी या इराणी दिग्दर्शकाचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' लावला. 1997 सालचा हा सिनेमा. ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकन मिळालेला हा इराणचा पहिला चित्रपट.

गोष्ट अगदी छोटी आहे. तेहरानमधल्या गरीब घरातला अली बहिणीचे बूट चांभाराकडून दुरुस्त करून आणताना हरवतो. घरात भाडं थकलेलं, आई आजारी. नवे बूट मागायचे कुणाच्या तोंडाने? मग दोघं भावंडं ठरवतात की अलीचेच बूट दोघांनी घालायचे. सकाळी झहरा शाळेत घालून जाणार, सुटली की धावत येणार, गल्लीत बूट बदलायचे आणि अली दुपारच्या शाळेला पळणार. आई-अब्बांना कळू नये म्हणून दोघं अभ्यासाच्या वहीत लिहून एकमेकांशी बोलतात.

भाषा फारसी. मुलं खालच्या इंग्रजी ओळी वाचत होती, आम्ही मात्र कान लावून होतो. उर्दू येणाऱ्याला फारसीत ओळखीचे शब्द भेटत राहतात. अली "मदरसे"ला जातो हे ऐकून आमचा धाकटा चमकला. इराणमध्ये साध्या शाळेलाही मदरसाच म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं. "म्हणजे मीपण मदरशातच जातो की," तो म्हणाला.

या सिनेमातला एक प्रसंग मात्र घरात अजून निघतो. अलीचे अब्बा मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसलेले आहेत. समोर साखरेचा ढीग आहे. झहरा चहा आणून देते. अब्बा साखर मागतात. ती म्हणते, समोर एवढी साखर तर आहे! अब्बा तिला समजावतात की ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिलेली. आणि मग घरातली साखर येते.

पाठमोऱ्या बसलेल्या दादी एकदम वळल्या. "अमानत म्हणतात त्याला," एवढंच म्हणाल्या. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही 'प्रामाणिकपणा' या विषयावर कितीदा बोललो असू. पण धाकट्याने दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्रीडा विभागाचा घरी राहिलेला चेंडू आपण होऊन दप्तरात ठेवला, तो त्या साखरेमुळे.

शेवटाबद्दल मात्र भांडण झालं. धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात. अलीला तिसरंच यायचं असतं आणि तो पहिला येतो. सगळे कौतुक करतात, तो रडतो. घरी येतो तेव्हा पाय सोललेले, बहिणीला द्यायला काही नाही. आणि तिथेच सिनेमा संपतो. "हा काय शेवट?" मुलगी चिडली. दादी म्हणाल्या, "बापाच्या सायकलवर काय बांधलं होतं ते बघितलं नाहीस?" बापाने दोघांसाठी बूट घेतले होते. मुलांना अजून माहीत नव्हतं, एवढंच. आम्हा डोळेवाल्यांच्या नजरेतून ती सायकल निसटली होती आणि पाठमोऱ्या दादींनी ती टिपली.

म्हशी राखणारा इक्बाल

दुसरा सिनेमा धाकट्याचा, म्हणजे क्रिकेट आलंच. नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल', 2005 सालचा. ऐकू-बोलू न येणारा खेड्यातला मुलगा म्हशी राखता राखता गोलंदाजी शिकतो. वडिलांना त्याने शेतीत यावं असं वाटतं, आई क्रिकेटची वेडी, आणि धाकटी बहीण खदीजा त्याची जीभ होते. श्रेयस तळपदे इक्बाल झाले आहेत, यतीन कार्येकर आणि प्रतीक्षा लोणकर हे त्याचे आई-वडील. दारू पिऊन वाया गेलेल्या जुन्या खेळाडूचं काम नसीरुद्दीन शाह यांनी केलं आहे आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आमच्या थोरल्याने एक गोष्ट बरोबर पकडली. तो म्हणाला, "यात इक्बाल मुस्लिम आहे याचं कुणालाच काही वाटत नाही." खरं आहे. नाव इक्बाल, बहीण खदीजा. त्याबद्दल कुणी खुलासा करत नाही, कुणी त्याच्याकडून देशप्रेमाचं प्रमाणपत्र मागत नाही. त्याच्यापुढे अडचणी आहेत त्या गरिबीच्या, अपंगत्वाच्या आणि वशिल्याच्या. भारतातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला येतील तशाच. पडद्यावर आपल्या नावाचा मुलगा आला की कुठेतरी छातीत धस्स होतं, पुढे हा काय करणार म्हणून. त्या रात्री तसं झालं नाही. दोन तास आम्ही नुसता सिनेमा पाहिला, ही आमच्यासारख्यांना मोठीच चैन आहे.

शेवट मात्र फारच गोड आहे. खऱ्या आयुष्यात रणजीच्या संघाचा दरवाजा इतका पटकन उघडत नाही, हे थोरल्याने धाकट्याला सांगायचा प्रयत्न केला. धाकटा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तो अंगणात गोलंदाजी करत होता.

मलप्पुरमची उम्मा

तिसरा सिनेमा थोरल्याने निवडला. मल्याळम, 'सुदानी फ्रॉम नायजेरिया', 2018 सालचा. दिग्दर्शक झकारिया मोहम्मद, त्यांचा हा पहिलाच चित्रपट.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात फुटबॉलचं वेड मोठं. तिथे सात-सात खेळाडूंच्या स्पर्धा होतात आणि संघ आफ्रिकेतून खेळाडू आणतात. गावकरी त्या सगळ्यांना सरसकट 'सुदानी' म्हणतात, मग तो नायजेरियाचा का असेना. मजीद हा अशाच एका संघाचा व्यवस्थापक. त्याचा सॅम्युएल नावाचा खेळाडू जखमी होतो. दवाखान्याचा खर्च झेपेना म्हणून मजीद त्याला घरी आणतो. पुढे त्याचा पासपोर्ट सापडत नाही आणि कटकटी वाढतात.

पण सिनेमा खरा आहे तो मजीदच्या आईचा आणि शेजारच्या बीयुम्माचा. या दोघी बायांना इंग्रजी येत नाही आणि सॅम्युएलला मल्याळम येत नाही. तरी त्या त्याच्याशी दिवसभर बोलतात, भरवतात, रागावतात. कुठला, कोण, कोणत्या जातीचा, हा हिशेब त्यांच्या डोक्यात येतच नाही. आजारी पोरगा घरात आला आहे, झालं. दादी म्हणाल्या, "ये तो अपनेच घर जैसा है की!" केरळात आईला उम्मा म्हणतात, जेवण वेगळं, लुंगी वेगळी. पण डोक्यावरची ओढणी सावरत, पाहुण्याने "पुरे" म्हटलं तरी ताटात वाढणारी बाई आमच्या दादींनी लगेच ओळखली.

यात एक अवघड धागाही आहे. मजीदच्या आईने दुसरा निकाह केलेला आहे आणि मजीदला त्याची लाज वाटते. सावत्र वडिलांशी तो धड बोलत नाही. तो बिचारा म्हातारा दिवसभर कामावर राहतो आणि घरी आला की कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा वावरतो. परक्या देशातल्या माणसाला घरात जागा देणारा मजीद आईच्या नवऱ्याला मात्र जागा देत नाही. शेवटी त्याच्यात बदल होतो, तो मोठमोठ्या संवादांशिवाय. आपल्या दीनमध्ये विधवेच्या निकाहला बंदी नाही, उलट प्रोत्साहनच आहे. तरीही आपल्या मोहल्ल्यांत अशा बाईकडे कसं पाहिलं जातं, ते आपण जाणतो. सिनेमा संपल्यावर मुलांच्या अब्बांनी आपल्या एका चुलत बहिणीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तिच्या घरी आपण किती वर्षं गेलो नाही?" त्या रविवारी आम्ही जाऊन आलो.

भाड्याचं घर

मुलांच्या अब्बांनी 'गर्म हवा' निवडला. 1973 चा सिनेमा, एम. एस. सथ्यू यांचा. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेले सलीम मिर्झा, बुटांचा कारखाना चालवणारे. एकेक नातेवाईक पाकिस्तानला निघून जातो आणि मिर्झा प्रत्येकाला स्टेशनवर सोडून टांग्याने परत येतात. बलराज साहनी यांचं हे काम पाहून मोठ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. चित्रीकरण आणि आवाजाचं काम संपवून ते लगेच वारले. मिर्झांच्या धाकट्या मुलाचं, सिकंदरचं काम करणारे फारुख शेख तेव्हा नवीन होते.

हवेली मिर्झांच्या भावाच्या नावावर असते. भाऊ पाकिस्तानला जातो आणि हवेली हातातून जाते. घर सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई लाकडाच्या कोठीत लपून बसते. पुढे तिचा जीव जायच्या वेळी तिला पालखीत घालून पुन्हा त्याच हवेलीत नेतात. हे दृश्य चालू असताना दादी उठून आत गेल्या. पाणी प्यायला गेले म्हणाल्या.

मुलांना हा सिनेमा जड गेला. धाकटा अर्ध्यावर झोपला. मिर्झांच्या मुलीच्या, आमिनाच्या वाट्याला जे येतं ते लहान मुलांना दाखवावं असं नाही; घरात लहानगे असतील तर हा सिनेमा मोठ्यांनीच पाहावा, ही चूक आमच्याकडून झाली. पण थोरला शेवटपर्यंत ताठ बसला होता. हवेली गेल्यावर मिर्झा भाड्याचं घर शोधत फिरतात आणि नाव कळताच दारं बंद होत जातात. बँक कर्ज देत नाही, न जाणो उद्या पाकिस्तानला गेले तर! थोरला म्हणाला, "हे तर माझंच आहे." गेल्या वर्षी कॉलेजसाठी मोठ्या शहरात खोली शोधताना त्याला चार ठिकाणी फोनवर "हो, रिकामी आहे" असं उत्तर मिळालं होतं आणि नाव सांगितल्यावर "आत्ताच गेली" असं. त्याने तेव्हा आम्हाला सांगितलं नव्हतं. वर्षभर मनात ठेवलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमाने त्याला बोलतं केलं.

मग आम्हीही त्याला सांगितलं की पाचव्या ठिकाणी ज्या काकूंनी खोली दिली, त्यांनी नाव ऐकून फक्त "मांसाहार बाहेर कर हं बाळा" एवढंच म्हटलं होतं, तेही लक्षात ठेव. दोन्ही खरं आहे. 'गर्म हवा'च्या शेवटी मिर्झा बाप-लेक स्टेशनकडे निघालेले असतात. वाटेत रोजगार मागणाऱ्यांचा मोर्चा लागतो. सिकंदर टांग्यातून उतरून त्यात सामील होतो आणि मागोमाग बापही. निघून जायचं नाही, इतरांसोबत उभं राहायचं. आमच्या थोरल्याला तो शेवट आवडला. आम्हालाही.

भाभींचा प्रश्न

शेवटचा नंबर मुलीचा. तिने 'सिक्रेट सुपरस्टार' लावला, 2017 चा, अद्वैत चंदन यांचा. बडोद्यातली शाळकरी मुलगी इन्सिया हिला गायचं वेड. बाप तापट, बायकोवर हात टाकणारा. आई नजमा आपला हार विकून मुलीला लॅपटॉप घेऊन देते. ओळख लपवायला मुलगी बुरखा घालून गाते आणि ते गाणं इंटरनेटवर टाकते. झायरा वसीम आणि मेहेर विज या दोघींनी मायलेकी उभ्या केल्या आहेत. आमिर खान यांचं संगीतकाराचं पात्र आम्हाला भडक वाटलं, मुलांना त्यातच जास्त मजा आली.

सिनेमा चालू असताना मुलांच्या अब्बांची चुळबुळ सुरू होती. शेवटी बोललेच, "मारणारा बाप दाखवायचा म्हटलं की यांना मुस्लिमच सापडतो का?" त्यांचा राग आम्हाला समजतो. बायकोला मारणारे पुरुष सर्व धर्मांत, सर्व गल्ल्यांत आहेत. या सिनेमातल्या बापाला एकही चांगली बाजू दिलेली नाही, हेही खरं. आम्ही मान डोलावली.

पण त्या रात्री आमच्या खोलीत आणखी एक बाई होती. शेजारच्या गल्लीतल्या भाभी डबा परत द्यायला आल्या होत्या आणि दारातच टेकल्या होत्या. त्यांची मुलगी आमच्याच शाळेची. या मे महिन्यात दहावीला 74 टक्के मिळवून पास झाली. "आता बास, घरी बसून शिवण शिकेल," असं तिच्या वडिलांनी जाहीर केलं होतं. सिनेमात बाप मुलीला तिच्याच हाताने लॅपटॉप बाहेर फेकायला लावतो, ते दृश्य आलं तेव्हा भाभी हललेल्याही आम्हाला दिसल्या नाहीत. सिनेमा संपला, सलाम करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी असरनंतर त्या आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला.

"आपा, अकरावीचा फॉर्म अजून भरता येतो का?"

आम्ही म्हटलं येतो. मग न राहवून विचारलं, भाईंना चालेल का? भाभी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे मालक मारत नाहीत आपा. मोठा आवाजसुद्धा नाही त्यांचा. पण पोरीचं शिक्षण बाहेर फेकायला हातच उचलावा लागतो असं थोडंच आहे?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या रात्री आम्ही पडद्यावरच्या बापाचं नाव काय आहे यावर वाद घालत होतो आणि दारात बसलेली बाई त्या घरातल्या आईकडे पाहत होती. आपलं चित्र वाईट काढलं म्हणून रागावायचा हक्क आपल्याला आहे, तो सोडायचं कारण नाही. पण ज्या घरात खरंच तसं काही चाललं आहे, मार असो की नुसतं "बास आता", त्या घरातल्या बाईला आपला राग काय कामाचा? तिला फॉर्म भरून देणारं कुणीतरी हवं असतं.

सिनेमामुळे हे घडलं, असं आम्ही म्हणणार नाही. भाभींच्या मनात ते आधीपासूनच असणार. गुणपत्रक पिशवीत घालून ठेवलेलंच होतं. सिनेमाने फार तर उंबरा ओलांडायला हात दिला. आमच्या मुलीने त्याच संध्याकाळी मोबाईलवर तिचा फॉर्म भरला. पहिल्या पसंतीला चालत जाण्याच्या अंतरावरचं ज्युनिअर कॉलेज टाकलं. मुलांचे अब्बा जुम्माच्या नमाजनंतर भाईंशी बोलले. रात्री ज्या सिनेमावर चिडले होते, त्याचं नाव त्यांनी काढलं नाही. वर्गात किती मुली असतात, जाण्यायेण्याची सोय काय, वजीफा कुठे मिळतो, एवढंच सांगितलं. भाई "बघू" म्हणाले. आधी "नाही" म्हणत होते. म्हणून या "बघू"ला आम्ही मोठं समजतो.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. करार अजून मोडलेला नाही, फक्त शनिवारवर आला आहे. मोबाईल पेटीत ठेवताना मुलं कुरकुर करतात. पण सिनेमा संपल्यावर दिवा लावला की कुणीतरी काहीतरी बोलतं आणि वर्षभर न बोललेली गोष्ट बाहेर पडते, हे त्यांच्याही लक्षात आलं आहे. आता दादींची पाळी आहे. त्यांना साखरवाला सिनेमा पुन्हा पाहायचा आहे. सायकलवर नेमके कोणते बूट होते ते मुलांना नीट दाखवायचं आहे म्हणे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर अकरावीची यादी लागलेली असेल. भाभींच्या मुलीसाठी दुआ करा.